चांदोमामाच्या गावाला जाण्यापूर्वी

मराठी घरात मुलाला चंद्राची पहिली ओळख होते ती नात्याने. आई मुलाला कडेवर घेऊन अंगणात येते आणि आकाशाकडे बोट दाखवून सांगते, की हा तुझा मामा. मामाचे घर म्हणजे मुलांच्या हक्काचे घर. तेव्हा ह्या मामाच्याही गावी जाऊन चार दिवस राहावे, असे एखाद्या मुलाच्या मनात आले, तर त्यात नवल नाही. नवल हे, की पूर्वी ज्या इच्छेला वडील माणसे कौतुकाने हसत, तिचाच विचार आता शास्त्रज्ञ आणि स्थापत्यविशारद गंभीरपणे करीत आहेत.

चंद्रावर माणसाचे पाऊल प्रथम पडले ते २० जुलै १९६९ रोजी. त्या वर्षापासून १९७२ पर्यंत अमेरिकेचे बारा अंतराळवीर तेथे उतरले. त्यांतील सर्वांत दीर्घ मुक्काम तीन दिवसांहून थोडासाच अधिक होता. श्वासाची हवा, पिण्याचे पाणी, खाण्याचे अन्न असे सर्व काही त्यांनी पृथ्वीवरून बरोबर नेले होते. हे वीर मोठे धाडसी होते. परंतु ते चंद्राचे पाहुणे होते, रहिवासी नव्हते. पाहुण्याचे शिदोरीवर भागते. रहिवाशाला पाणवठा लागतो, छप्पर लागते, हाताला काम लागते आणि अडल्यानडल्या वेळी हाक मारायला शेजार लागतो. म्हणून चंद्रावर जाऊन येणे ही एक विद्या आणि तेथे गाव वसविणे ही दुसरी.

ही दुसरी विद्या शिकण्याची निकड आता भारतालाही आहे. २०४० पर्यंत भारतीय माणूस चंद्रावर पोहोचावा, असे उद्दिष्ट भारत सरकारने २०२३ साली जाहीर केले. आज शाळेत शिकणारी मुले त्या वेळी ऐन उमेदीच्या वयात असतील. त्यांतीलच काहींना तेथली घरे आखावी लागतील, कोणाला पाण्याची व्यवस्था पाहावी लागेल, कोणाला तेथल्या आजाऱ्याची शुश्रूषा करावी लागेल. मग त्यांनी ही विद्या शिकावी कोठे? जे गाव अद्याप वसलेलेच नाही, त्याची शाळा कोठून असणार? तथापि शोधक दृष्टीने पाहिले, तर ह्या विद्येची साधने फार दूर नाहीत. नवी मुंबईत राहणाऱ्या मुलांना तर ती दारातच सापडतात.

पहिले साधन म्हणजे ते शहरच होय. मुंबई बेटावरील गर्दी असह्य होऊ लागली, तेव्हा चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल ह्या तिघांनी १९६५ साली एक कल्पना मांडली. खाडीच्या पलीकडे, मुख्य भूमीवर, एक नवे शहर वसवावे अशी ती कल्पना होती. पुढे शासनाने ती स्वीकारली आणि १७ मार्च १९७० रोजी ह्या कामासाठी सिडको ही संस्था स्थापन झाली. बहुतेक शहरे आपोआप वाढतात. बाजार भरतो, त्याच्याभोवती घरे उभी राहतात आणि रस्ते, गटारे व नळ यांचा विचार मागाहून होतो. नवी मुंबईचा क्रम निराळा होता. येथे आधी नकाशा झाला आणि घरे मागून आली. चंद्रावरील वस्तीचा क्रमही असाच असावा लागेल. कारण तेथे एकही घर पूर्वतयारीवाचून एक दिवस टिकणार नाही.

खाडीकाठची ही जमीन सखल. समुद्राला भरती आली, की पाण्याची पातळी जमिनीच्या वर चढे. अशा वेळी जोराचा पाऊस झाला, तर पाणी जाणार कोठे? त्यासाठी नियोजनकारांनी ठिकठिकाणी मोठे धारण तलाव बांधले. भरतीच्या वेळी समुद्राच्या दाबाने तलावांच्या झडपा मिटतात आणि पावसाचे पाणी तलावात साठून राहते. ओहोटी लागली, की झडपा उघडून ते खाडीत निघून जाते. ही युक्ती हॉलंड देशातील पद्धतीवर बेतलेली आहे. परंतु तिचे मर्म येथल्या आगरी शेतकऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. खारे पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून ते बांध घालीत आणि बांधातील उघाडीतून ओहोटीच्या वेळी शेतातले जास्तीचे पाणी बाहेर सोडीत. वाशीच्या किंवा नेरुळच्या धारण तलावाकाठी फिरायला जाणाऱ्या मुलाने ती झडप एकदा थांबून पाहावी. जेथे निसर्ग अनुकूल नसतो, तेथे त्याच्या वेळा ओळखून वागावे लागते, हा वसाहतविद्येचा पहिला पाठ तिच्यात आहे.

चंद्राच्याही अशाच वेळा आहेत आणि त्या फार कठोर आहेत. तेथील एक दिवस व एक रात्र मिळून पृथ्वीवरील सुमारे साडेएकोणतीस दिवस होतात. म्हणजे साधारण चौदा दिवस सतत ऊन आणि चौदा दिवस सतत काळोख. विषुववृत्ताजवळ दुपारचे तापमान सुमारे १२० अंश सेल्सिअसपर्यंत चढते आणि रात्री ते शून्याखाली १३० अंशांपर्यंत उतरते. चौदा दिवसांच्या रात्री सूर्यापासून वीज मिळणार नाही. ती आधी साठवून ठेवावी लागेल, नाही तर दुसऱ्या उपायाने निर्माण करावी लागेल. तेथे वातावरण नाही. त्यामुळे श्वासाला हवा नाही, आणि अवकाशातून येणारे घातक किरण व बारीक अशनी अडविणारे आवरणही नाही. गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या एकषष्ठांश. येथे काट्यावर ३६ किलो भरणारा मुलगा तेथे त्याच काट्यावर ६ किलो भरेल. उड्या मारण्यास हे बरे. परंतु हाडांना व स्नायूंना भार मिळाला नाही, तर ती दुर्बल होतात. म्हणून तेथील रहिवाशाला रोजचा व्यायाम जेवणाइतकाच आवश्यक राहील.

ह्या साऱ्यापासून रक्षण करणारे घर कशाचे बांधावे? पृथ्वीवरून विटा नेणे परवडणारे नाही, कारण चंद्र सरासरी ३,८४,००० किलोमीटर दूर आहे. घराचे साहित्य तेथलेच हवे. येथे अभ्यासाचे दुसरे साधन हाती येते, आणि ते म्हणजे पायाखालचा दगड.

संस्कृतात चंद्राला ‘शशांक’ म्हणतात. शश म्हणजे ससा. ज्याच्या अंगावर सशाची खूण आहे तो शशांक. पौर्णिमेच्या चंद्रावर दिसणारे हे काळसर डाग म्हणजे एके काळी वाहून थिजलेल्या लाव्ह्याची मैदाने होत. त्या लाव्ह्याचा जो खडक बनला, त्याला बेसाल्ट म्हणतात. सह्याद्रीचे कडे, दख्खनचे पठार आणि नवी मुंबईच्या पाठीशी उभी असलेली पारसिकची टेकडी ही सर्व ह्याच जातीच्या काळ्या खडकाची आहेत. दोन्हीकडच्या खडकांत घटकांचे काही भेद आहेत. तथापि त्यांचे कूळ एकच. म्हणून बेलापूरच्या डोंगरातील दगडाचा तुकडा हातात घेणारे मूल सशाच्या अंगाचा दूरचा भाऊबंदच हातात घेत असते.

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर ह्या दृष्टीने मोठे मोलाचे आहे. अवकाशातून आलेल्या अशनीच्या आघाताने तेथे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर पडले. बेसाल्ट खडकात पडलेली अशी विवरे जगात फार थोडी आढळतात. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने लोणारकडे जगाचे लक्ष वेधले, आणि तेव्हापासून चंद्रावरील विवरे समजून घेण्यासाठी अभ्यासक तेथल्या खडकांची तुलना चंद्रावरून आणलेल्या खडकांशी करीत आले आहेत. लोणारला सहलीस जाणारा विद्यार्थी काठावर उभा राहतो, तेव्हा चंद्राच्या भूगोलाचे एक पान त्याच्यासमोर उघडे असते.

चंद्राचा उजळ दिसणारा भाग मात्र वेगळ्या, फिकट खडकाचा आहे. तशा जातीचा खडक तमिळनाडूत सेलमजवळ सीतमपूंडी येथे सापडतो. चांद्रयान–२ च्या चाचण्यांसाठी इस्रोच्या शास्त्रज्ञांनी तो खडक दळून चंद्राच्या मातीसारखी माती तयार केली आणि तिच्यावर यान उतरविण्याचा व गाडी चालविण्याचा सराव केला. २०२० साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने इस्रोच्या सहकार्याने ह्याहून चमत्कारिक प्रयोग केला. चंद्राच्या मातीसारख्या मातीत त्यांनी एका जातीचे जिवाणू, युरिया आणि गवारीच्या बियांपासून मिळणारा डिंक मिसळला. जिवाणूंच्या कार्यामुळे मातीचे कण एकमेकांस चिकटले आणि विटेसारखा घट्ट ठोकळा तयार झाला. ह्यासाठी लागणारा युरिया मानवी मूत्रातूनही मिळू शकतो. ज्या गवारीची भाजी पाहून पुष्कळ मुले नाक मुरडतात, ती उद्या चंद्रावरच्या भिंतीला बळकटी देईल, हे त्यांनी ध्यानात ठेवलेले बरे.

विटांचे घर होण्यापूर्वी गुहेतही राहता येईल. लाव्हा वाहत असता वरचा थर थिजून आतला लाव्हा निघून गेला, की पोकळ बोगदे उरतात. असे बोगदे चंद्रावर असल्याच्या खुणा सापडल्या आहेत. चांद्रयान–१ च्या छायाचित्रांवरूनही भारतीय शास्त्रज्ञांनी अशा एका बोगद्याची नोंद केली. चंद्राची माती उष्णता सहज आत शिरू देत नाही, हेही आता मोजून कळले आहे. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान–३ दक्षिण ध्रुवाच्या बाजूस उतरले. त्यावरील उपकरणाने मातीत शिरून तापमान मोजले, तेव्हा वरचा भाग उन्हाने चांगलाच तापलेला असताना अवघ्या ८ सेंटिमीटर खोलीवर तापमान शून्याच्याही खाली होते. काही मीटर मातीखाली घर केले, तर ते उन्हाच्या व थंडीच्या माऱ्यातून वाचेल, आणि घातक किरणांनाही आळा बसेल.

महाराष्ट्राला खडकात राहणे नवे नाही. मुंबईजवळ कान्हेरीच्या डोंगरात शंभराहून अधिक लेणी आहेत. तेथील भिक्षूंनी काळा खडक कोरून निजण्याचे ओटे केले, एकत्र बसण्याची दालने केली आणि लेण्यांलगत पावसाचे पाणी धरून ठेवण्यासाठी टाकी खोदली. जुन्या शिलालेखांत ह्या टाक्यांना ‘पोढी’ असे नाव आहे. ज्याने घर कोरले, त्याने पाण्याची पोढीही कोरली, ही गोष्ट चंद्रवासी होऊ इच्छिणाऱ्याने विसरू नये.

चंद्रावर पाणी आहे काय, ह्या जुन्या प्रश्नाचे उत्तर देण्यात भारताचा मोठा वाटा आहे. चांद्रयान–१ हे २२ ऑक्टोबर २००८ रोजी निघाले. त्याच्यावर बसविलेल्या उपकरणांनी चंद्राच्या मातीत पाण्याचे अंश असल्याचे दाखविले आणि २००९ साली ते जगाला कळले. ध्रुवांजवळच्या ज्या खोल विवरांत सूर्यकिरण कधीच पोहोचत नाहीत, तेथे बर्फ साठलेला आहे. परंतु तो काढणे सोपे नाही. म्हणून तेथे वापरलेला प्रत्येक थेंब गाळून, शुद्ध करून पुन्हा वापरावा लागेल. नवी मुंबईला पाणी येते ते खालापूर तालुक्यातील मोरबे धरणातून. नळ सोडला, की पाणी येते, एवढेच ज्याला ठाऊक असते, त्याने ते धरणापासून आपल्या तांब्यापर्यंत कसे येते आणि मोरीतून पुढे कोठे जाते, हे एकदा शोधून काढावे. ज्याला आपल्या गावच्या पाण्याचा हिशेब मांडता येतो, त्याला चंद्रावरच्या पाण्याचाही मांडता येईल.

तिसरे साधन सर्वांसाठी मोफत खुले आहे. इस्रोने चांद्रयानांची आणि अमेरिकेच्या नासाने आपल्या यानांची छायाचित्रे व मोजमापे लोकांच्या हाती दिली आहेत. त्यांचा उपयोग काय होतो, हे एका घटनेवरून दिसते. सप्टेंबर २०१९ मध्ये चांद्रयान–२ चे ‘विक्रम’ हे अवतरक चंद्रावर उतरताना कोसळले आणि त्याचा ठावठिकाणा लागेना. नासाने त्या प्रदेशाची छायाचित्रे प्रसिद्ध केली. चेन्नईचे षण्मुग सुब्रमण्यन हे अवकाशसंस्थेत काम करणारे नव्हते. त्यांनी घरी संगणकापुढे बसून जुनी व नवी छायाचित्रे शेजारी शेजारी ठेवली आणि ठिपक्याशी ठिपका ताडून पाहिला. अखेर एक असा ठिपका त्यांना आढळला, की जो जुन्या चित्रात नव्हता. त्यांनी तो नासाला कळविला. तेथील शास्त्रज्ञांनी तपास करून डिसेंबर २०१९ मध्ये मान्य केले, की तो विक्रमचाच अवशेष होता. त्यांच्यापाशी दुर्बीण नव्हती की प्रयोगशाळा नव्हती. चिकाटी आणि सावध दृष्टी एवढेच त्यांचे भांडवल होते.

चौथे साधन म्हणजे जाणत्यांचा सहवास. खाडीपूल ओलांडला, की मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबईत खगोलशास्त्राची आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाड स्पर्धा भरली, तिचे आयोजन ह्याच केंद्राने केले आणि साठांहून अधिक देशांची मुले तीत आली. वरळीचे नेहरू तारांगण १९७७ सालापासून मुलांना आकाशाची ओळख करून देत आले आहे. १९६६ साली स्थापन झालेली मराठी विज्ञान परिषद मराठीतून विज्ञानाचा प्रसार करते. मराठी विश्वकोशात चंद्रापासून बेसाल्टपर्यंतच्या नोंदी आढळतात. डॉ. जयंत नारळीकरांनी तर आकाशाचे मोठमोठे प्रश्न मराठी मुलांना गोष्टींतून सांगितले. शास्त्र शिकण्यास मायबोली अपुरी पडते, असे म्हणणाऱ्याने ही दालने उघडून पाहावीत.

शेवटचा पाठ मात्र कोणत्याही यंत्रात नाही. तो पुन्हा नवी मुंबईच्याच इतिहासात आहे, आणि तो कठीण आहे. नवे शहर ज्या जागेवर आखले, ती जागा मोकळी नव्हती. तेथे ९५ गावे होती. आगरी आणि कोळी कुटुंबे भातशेती, मिठागरे आणि मासेमारी यांवर तेथे जगत होती. त्यांच्या जमिनी घेतल्या गेल्या. मोबदला पुरेसा नाही, अशी त्यांची तक्रार होती. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी लढा दिला. जानेवारी १९८४ मध्ये झालेल्या पोलीस गोळीबारात पाच शेतकरी मृत्युमुखी पडले. पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतके विकसित भूखंड मूळ मालकांना परत देण्याची योजना आली. आजही उंच इमारतींच्या मधोमध गावठाणे, देवळे आणि कोळीवाडे दिसतात. नकाशा कितीही सुबक असला, तरी तो कोणाच्या जमिनीवर काढला आणि त्यांना काय मिळाले, हे विचारावेच लागते.

चंद्रावर कोणाची गावे नाहीत. तेव्हा तेथे हा प्रश्न उद्भवणार नाही, असे वरवर वाटेल. परंतु ध्रुवाजवळचा बर्फ थोड्याच विवरांत आहे आणि जवळजवळ अखंड उन्हाच्या जागाही मोजक्याच आहेत. त्या कोणी घ्याव्यात? जो आधी पोहोचेल त्याने, की ज्याला गरज आहे त्याने? १९६७ सालच्या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे कोणत्याही राष्ट्राला चंद्रावर मालकी सांगता येत नाही. भारतही ह्या करारात सामील आहे. पण मालकी नसली, तरी उपयोग कोणी, किती आणि कसा करावा, ह्याचे सर्वमान्य नियम अजून घडावयाचे आहेत. ते घडविणाऱ्यांत विज्ञान जाणणारी माणसे हवीत, आणि ९५ गावांची कहाणी विसरली नाहीत अशीही माणसे हवीत.

मामाच्या गावी जाताना मुले रिकाम्या हाताने जात नाहीत. घरचे काही तरी बरोबर नेतात. चांदोमामाच्या गावी जाणाऱ्यानेही आपल्या खाडीकाठचे हे धडे बरोबर न्यावेत.

शब्दार्थ
स्थापत्यविशारद – इमारती व नगरे यांची रचना जाणणारा
सखल – खोलगट, कमी उंचीची
धारण तलाव – पावसाचे पाणी तात्पुरते साठविणारा तलाव
उघाडी – खाडीकाठच्या बांधातील पाणी सोडण्याची दारे
अशनी – अवकाशातून येऊन पडणारा दगड
अवतरक – ग्रहावर किंवा उपग्रहावर उतरणारे यान
संपादित – शासनाने ताब्यात घेतलेली

स्वाध्याय
१. पाहुणा आणि रहिवासी यांत लेखकाने कोणता भेद सांगितला आहे?
२. धारण तलाव आणि शेतकऱ्याची उघाडी यांचे कार्य कोणत्या बाबतीत सारखे आहे?
३. ‘शशांक’ ह्या शब्दाची फोड करा. चंद्राची आणखी चार नावे शोधून त्यांचे अर्थ लिहा.
४. षण्मुग सुब्रमण्यन यांच्या कामातून कोणते गुण दिसतात?
५. आपल्या घरी येणारे पाणी कोठून येते व वापरल्यावर कोठे जाते, ह्याची माहिती घरातील वडील माणसांना विचारून दहा ओळींत लिहा.
६. चंद्रावर वीस माणसांची वस्ती करावयाची आहे. तिच्यासाठी पाच नियम तयार करा आणि प्रत्येक नियमाचे कारण द्या.